डावीकडे कललेला ‘समतोल’

जो चुकेल त्याने शुक्रवारी केक आणावा, असा डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या एका कचेरीचा दंडक होता. आणि टोर्किल बुंडगोर याने आपल्या तेथील प्रदीर्घ नोकरीत आजवर एकही केक आणलेला नव्हता. खाल्ले मात्र सगळे होते. खातानाही तो नुसता खात नसे, परीक्षण करीत असे. "लोणी कमी पडलंय," असे म्हणून तो दुसरा तुकडा उचली आणि "साखर नीट विरघळलेली नाही," असे म्हणून तिसरा. केक बाजारचा चालत नसे. लोणी आणि तपकिरी साखर यांच्या पाकात न्हायलेला ब्रुन्सविगर चुकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने भाजावा, कापण्यापूर्वी उभे राहावे आणि आपले काय चुकले ते सर्वांसमक्ष एका वाक्यात सांगावे, अशी रीत होती. इतरांना या रीतीत गंमत वाटे. टोर्किलला न्यायदान वाटे, आणि न्यायाधीशाने कधी पिंजऱ्यात उभे राहायचे नसते हे त्याला उपजतच ठाऊक होते.

फेरीबोटीवर कोणती गाडी कोणत्या बाजूला उभी करावी, हे खलाशांना सांगणाऱ्या आज्ञावली लिहिणे हा त्या कचेरीचा धंदा. या साऱ्या आज्ञावलींच्या मुळाशी ‘समतोल’ नावाची एक लायब्ररी होती. म्हणजे तयार हिशेबांचा असा एक साठा, की ज्यातून बाकीच्यांनी हवे ते उचलून आपापल्या कामाला जोडावे. तिच्यातली ओळ न् ओळ टोर्किलची. आता माणसाने लिहिलेले यंत्राला कळत नाही. ते यंत्राच्या भाषेत उतरवायला मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषा दोन प्रकारे कुरकुरतो. ‘हे मला उतरवताच येत नाही’ असे तो म्हणतो तेव्हा ती चूक. ‘उतरवून देतो, पण पुढे काही झाले तर मला बोलू नका’ असे म्हणतो तेव्हा ती ताकीद. चुकीपाशी काम अडते. ताकिदीपाशी अडत नाही, म्हणून ती कोणी वाचत नाही.

टोर्किलला हे शैथिल्य असह्य होते. अनेक वर्षांपूर्वी पॅले ओडगोर नावाच्या सहकाऱ्याने एक क्षुल्लक ताकीद दुर्लक्षित ठेवली, तेव्हा टोर्किलने जेवणाच्या टेबलावर, लोणच्यातली हेरिंग मासळी आणि राय धान्याचा काळा पाव थंडपणे बाजूला सारून, भाषण केले होते. "ताकीद ही घाबरलेल्या दुभाष्याने सांगितलेली चूकच असते," हे त्या भाषणाचे सार. त्याच दुपारी त्याने, दुभाष्याकडून सगळे उतरवून घेणाऱ्या बांधणीच्या यंत्राला आज्ञा देऊन ठेवली, की येथून पुढे प्रत्येक ताकीद ही चूक समजावी आणि काम तेथेच थांबवावे. भिंतीवर एका मोडीत निघालेल्या जहाजाचे दोन कंदील टांगलेले होते. सगळे बिनबोभाट बांधले गेले की हिरवा पेटे. अडले की तांबडा. त्या आज्ञेनंतर तांबडा कंदील वरचेवर पेटू लागला, पॅलेचे लोणीसाखरेचे बिल वाढले, आणि टोर्किलचे पोट हळूहळू पण निश्चित सुटू लागले. कचेरीत त्याला ‘बिशप’ म्हणत. तो ते स्तुती म्हणून घेई.

त्या मंगळवारी तो कचेरीत आला तो डाव्या मांडीवर कॉफीचा डाग घेऊनच. तो स्वालेओ बेटावर राही आणि ‘आल्मा’ नावाच्या फेरीने ये-जा करी. ‘आल्मा’ डावीकडे कलून चाले. तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होते. बेटावरची पोरे खिडकीच्या कट्ट्यावर गोट्या सोडून पैजा लावीत. टोर्किल नेहमी उजवीकडच्या बाकावर, डावा पाय समोरच्या नळीला लावून आणि धड उजवीकडे झुकवून बसे. तरीही कॉफीचा पेला संधी मिळताच घसरे. त्या दिवशी उतरताना त्याने कप्तानीण युट्टे हिला नेहमीप्रमाणे धारेवर धरले होते.

"युट्टे, आज पुन्हा डावीकडे."

"तुझ्या यंत्राला विचार की! ते सांगतं तिथे गाड्या लावते मी. ते सारखं डावीकडेच सांगतं. दोन-चार गाड्या माझ्या अकलेने उजवीकडे ढकलते, म्हणून तू आज पोहत न येता चालत आलायस."

"हिशेब सिद्ध झालेला आहे. सुकाणू सिद्ध झालेलं नाही."

"बरं बाबा. पँट पूस आधी."

या देशात कोणी कोणाला ‘तुम्ही’ म्हणायचे केव्हाच सोडून दिले होते, आणि टोर्किलच्या कायमच्या दुःखांपैकी ते एक होते.

कचेरीत तांबडा कंदील पेटलेला होता. टोर्किलने कोट काढण्यापूर्वीच विचारले, "कोणाचा?"

"ठरायचंय," सोल्वाय म्हणाली. कचेरीतली यंत्रे सांभाळण्याचे काम या बाईंकडे होते, आणि त्यांचा टोर्किलवर जितका आदर होता तितकाच तो त्या लपवून ठेवीत. "‘आल्मा’वर नवं यंत्र बसवतायत. त्याला जुन्या कंपायलरचं काही चालत नाही. म्हणून काल नवा घातला. आणि नवा म्हणतो, ‘समतोल’ बांधत नाही जा."

"‘समतोल’?" टोर्किलने तो शब्द असा उच्चारला, की जणू कोणी त्याच्या आईची तक्रार घेऊन आले होते.

तो पडद्यासमोर बसला. पहिल्या ओळीत दुभाष्याने म्हटले होते, की अमुक ठिकाणी शून्याखाली जाऊ शकेल अशी संख्या शून्याखालचे काही न मावणाऱ्या खणात ठेवलेली दिसते. टोर्किल तुच्छतेने हसला.

"हा दुभाषा आहे की शिकाऊ उमेदवार? ही ओळ जुन्या कंपायलरने इतकी वर्षं मुकाट्याने उतरवली."

"खाली आणखी काहीतरी लिहिलंय," त्याच्या खांद्यावरून पाहत पॅले म्हणाला. "‘सर्व ताकिदी चुका समजल्या जात आहेत.’ हे काय ते—"

"पॅले, नेहमी पहिली ओळ वाचायची. पुढचं सगळं म्हणजे तिचाच प्रतिध्वनी असतो. हे तुला मी किती वेळा सांगितलंय?"

"दर केकला एकदा."

पहिलीच ओळ वाचावी, हा त्या धंद्यातला खराखुरा शहाणपणा होता. आणि शहाणपणाचा उपद्रव हा, की तो एकदा अंगवळणी पडला की माणूस डोळे वापरणे बंद करतो. शेवटच्या ओळीत टोर्किलची स्वतःचीच आज्ञा त्याला सही करून दाखवली जात होती. ती त्याने वाचली नाही. आपल्या लिखाणातले अक्षर बदलायचे नाही असे त्याने ठरवले. बदलायचे ते जग.

"सोपं आहे. ‘समतोल’ जुन्या कंपायलरने बांधू. बाकीचं तुम्ही बांधा त्या अडाण्याकडून," तो म्हणाला.

‘समतोल’ जुन्या दुभाष्याने निमूटपणे बांधून दिली. पॅलेचा भाग नव्याने बांधला. मग दोन्ही जोडायला घेतले, तेव्हा जोडणाऱ्या यंत्राने सांगितले, की पॅलेच्या भागाला हवा असलेला वजनाचा हिशेब ‘समतोल’मध्ये अस्तित्वातच नाही. तो होता. टोर्किलने बोट ठेवून दाखवला. पण जुना दुभाषा नावे एका पद्धतीने नोंदवी आणि नवा दुसऱ्या. त्यामुळे एकाच घरातले दोन भाऊ एकमेकांना ओळख देईनात.

"मग पॅलेने जुना वापरावा."

"जमणार नाही, बिशपसाहेब," पॅले म्हणाला. "माझं लिखाण नव्या व्याकरणातलं आहे. जुन्याला त्यातलं अर्धं कळत नाही."

"मग जुन्या व्याकरणात लिही. तेव्हाची भाषा भारदस्त होती."

"तेव्हा तुला केसही होते. ते येतात का परत?"

बुधवारी टोर्किलने दोन्ही दुभाषे बांधणीच्या यंत्रावर शेजारी शेजारी बसवण्याचे ठरवले. सोल्वायने दारातच हात आडवा धरला.

"टोर्किल, ऐक. हवं तर मी आणते केक. नवा कंपायलर मी घातला, तर माझाच म्हण. पण मशीनला हात लावू नकोस."

कोणताही समंजस माणूस येथे थांबला असता. पण टोर्किलला नुसता केक नको होता, निकाल हवा होता; आणि निकाल लागायचा तर ‘समतोल’ निर्दोष आहे हे सिद्ध झाले पाहिजे होते. "तू केक आण, आणि मी यंत्रही नीट करतो," असे म्हणून तो तिच्या हाताखालून वाकून आत गेला.

तासाभरात जुना दुभाषा नव्याचे शब्दकोश उघडून वाचू लागला. त्यातला एकही शब्द त्याला लागेना. आधी एका ओळीची तक्रार होती. आता तक्रारी पडद्यावरून ओसंडून वाहू लागल्या, आणि ज्यांचा ‘समतोल’शी काडीचा संबंध नव्हता त्यांचीही कामे अडली. वरच्या मजल्यावरचे बंदराचे नकाशे करणारे लोक जिना उतरून आले. ते दारातच उभे राहिले. त्यांनी फक्त तांबड्या कंदिलाकडे पाहिले, मग टोर्किलकडे पाहिले, आणि त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "दालचिनी घालतात का रे ब्रुन्सविगरमध्ये?"

टोर्किलने ताबडतोब कायद्याचा आधार घेतला. "कंदील आधीपासूनच तांबडा होता. तांबड्याला पुन्हा तांबडं करता येत नाही. त्यामुळे माझ्या हातून काहीही पेटलेलं नाही."

"म्हणजे बुडत्या बोटीला तू भोक पाडलंस तर तो गुन्हा नाही," पॅले म्हणाला.

"तत्त्वतः नाही."

सोल्वायने जुना दुभाषा उखडून काढला आणि वरच्या लोकांना पुन्हा जिना चढायला लावले. सायंकाळपर्यंत यंत्र मूळ पदावर आले, म्हणजे पुन्हा एकाच ओळीपाशी अडून राहिले. शुक्रवारी दुपारी ‘आल्मा’च्या मालकांना सगळे हवे होते. पण टोर्किलला मालकांची धास्ती नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते: आपण उभे आहोत, हातात सुरी आहे, आणि पॅले बसून ऐकतो आहे.

मग त्याने अखेरचे शस्त्र उपसले. तो कंपायलर जगभरचे हौशी जाणकार मिळून करीत, आणि त्यात दोष आढळला तर तो सर्वांना वाचता येईल अशा उघड्या फलकावर नोंदवायचा असे. टोर्किलने नोंदवला. मथळा दिला: ‘आपला दुभाषा निरक्षर आहे.’ खाली अर्धविरामांनी जखडलेल्या भरगच्च परिच्छेदांत त्याने नव्या पिढीचा आळस, कोपनहेगनकरांचा उथळपणा आणि एकंदर घाई यांचा समाचार घेतला, आणि शेवटी ती ओळ ‘शुद्धतेचा नमुना म्हणून’ जोडली. या धंद्यातले लोक असले काही वाचायला सदैव भुकेलेले असतात. गुरुवारी सकाळपर्यंत ते रेक्याविकपासून रोमपर्यंत वाचले गेले होते.

उत्तर जेवणापूर्वी आले. ते उप्सालाच्या एका बाईंचे होते. स्वीडिश माणसाकडून दुरुस्ती होणे ही डेन्मार्कमध्ये अशी नामुष्की आहे, की तिच्यापुढे तुरुंग बरा; आणि स्वीडिश माणूस ती सभ्यपणे करतो, म्हणून ती अधिक झोंबते. सोल्वायने मोठ्याने वाचले:

"‘सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. ही चूक नसून ताकीद आहे. तिला चूक समजण्याची आज्ञा आपल्याच बांधणीत कोणीतरी घातलेली आहे. ती काढली की काम होईल.’"

पॅलेने हळूच खुर्ची वळवली. कचेरीत कोणीतरी हसू गिळल्याचा आवाज आला.

"थांबा, पुढे आहे," सोल्वाय म्हणाली. "‘पण ती काढण्यापूर्वी ओळ एकदा वाचावी, ही विनंती. आपण उजवीकडच्या वजनातून डावीकडचं वजा करता, आणि उत्तर शून्याहून मोठं आलं तर पुढची गाडी डावीकडे पाठवता. डावी बाजू जड असली की उत्तर शून्याखाली जातं. पण आपल्या खणात ते मावत नाही, उलटून अवाढव्य मोठं होतं, आणि गाडी पुन्हा डावीकडेच जाते. हे खऱ्या बोटीसाठी आहे का? असल्यास, ती डावीकडे कलते का? शुभेच्छा.’"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीबाहेर, बंदरात, दुपारची ‘आल्मा’ धक्क्याला लागत होती: भरलेली, पांढरीशुभ्र, आणि एखादी थकलेली बाई उंबऱ्याला टेकावी तशी डाव्या अंगावर रेललेली.

टोर्किलने बराच वेळ तिच्याकडे पाहिले. त्याला आपल्या सगळ्या डागाळलेल्या पँटी आठवल्या. त्यांतली एक लग्नाच्या वाढदिवसाची होती.

"काढ ती आज्ञा," पॅले शेवटी म्हणाला. आणि आश्चर्य असे, की त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, याचना होती. "इतक्या वर्षांनी सुटू दे आम्हाला. ती ओळ दुरुस्त कर आणि आज्ञा काढ. तुझा केक मी आणतो. शपथ."

ही देणगी मोठी होती. टोर्किलचा कोरा करकरीत लौकिक चांदीच्या तबकात परत मिळत होता. त्याने ‘हो’ म्हणण्यासाठी तोंडही उघडले. पण तोंड उघडले की त्यातून युक्तिवाद बाहेर पडायचा, ही त्याची जन्माची खोड.

"आज्ञा का काढायची?" तो म्हणाला. "ताकीद बरोबर होती. ताकीद ही चूकच असते, असं मी म्हटलं होतं, आणि ती चूकच निघाली. माझी आज्ञा नसती तर तुम्ही ती वाचली असती का? ‘आल्मा’ आणखी वीस वर्षं डावीकडे गेली असती. मी चुकलो, यावरूनच मी बरोबर होतो हे सिद्ध होतं. आज्ञा राहील."

"मग केकही राहील," सोल्वाय म्हणाली.

टोर्किलला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळले. पण बोललेले वाक्य सुबक होते, आणि सुबक वाक्य मागे घेणे त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

दुरुस्ती एका शब्दाची होती. शून्याखालचे मावेल असा खण दिला, आणि नव्या दुभाष्याने हूं की चूं न करता ‘समतोल’ बांधून दिली. हिरवा कंदील पेटला. सोल्वायने त्याच संध्याकाळी बोटीवरच्या नव्या यंत्रात ती घातली.

शुक्रवारी सकाळी टोर्किल मांडीवर ब्रुन्सविगरचा तवा घेऊन ‘आल्मा’वर बसला. त्याने पाककृती तंतोतंत पाळली होती. लोणी काट्यावर तोलले होते. तो नेहमीच्या बाकावर बसला, डावा पाय नळीला लावला, आणि इतक्या वर्षांच्या अभ्यासाने तवा आणि धड उजवीकडे झुकवून धरले. ‘आल्मा’ निघाली. ती सरळ चालली. बेटावरच्या एका पोराने कट्ट्यावर गोटी सोडली. गोटी जागची हलली नाही, आणि पोर रडवेले झाले. टोर्किल समुद्राकडे पाहत आपले वाक्य मनात घोळवीत होता, त्यामुळे तव्यातला कोमट पाक शांतपणे उजवीकडे वाहत जाऊन त्याच्या बाहीत उतरला, हे त्याला धक्का येईपर्यंत समजले नाही.

"आज कशी चालवली?" युट्टेने वरून विचारले.

"चांगली," टोर्किल म्हणाला. हा शब्द उच्चारायला त्याला जितके कष्ट पडले तितके अख्खी ‘समतोल’ लिहितानाही पडले नसतील.

"काय ते? मोठ्याने बोल, वारा आहे."

"चांगली!"

कचेरीत सगळे जमले होते; नकाशेवालेही आले होते. टोर्किल सुरी घेऊन उभा राहिला. रीत एका वाक्याची होती, आणि त्याने ती अक्षरशः पाळली. "ज्या काळी दुभाषे आपल्या कर्तव्याबाबत उदासीन होते, त्या काळी लिहिलेल्या, आणि म्हणूनच जिचा विचार त्या काळाच्या संदर्भातच व्हावा, अशा एका ओळीत, जी अन्यथा—" असे सुरू झालेले ते वाक्य ‘जरी’पाशी वळले, ‘तथापि’पाशी थबकले, पुढे दोनदा माघारी फिरले, आणि किटलीतली कॉफी निवली तरी क्रियापदापर्यंत पोचेना.

"पूर्णविराम दे, टोर्किल," सोल्वाय म्हणाली.

"—माझं चुकलं," टोर्किल म्हणाला, आणि त्याने केक कापला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पॅलेने सर्वांत जास्त. तुकडे वाटले गेले. एका बाजूचे कोरडे होते आणि दुसऱ्या बाजूचे पाकात बुडालेले. तरी लोक बिनतक्रार चावत होते. टोर्किलच्या जिवात जीव आला. संपले एकदाचे, असे त्याला वाटले. परीक्षकाच्या खुर्चीत पुन्हा बसण्यासाठी त्याने तुकड्याकडे हातही लांबवला.

तेवढ्यात सोल्वायने आपला तुकडा उलटा करून पाहिला.

"खालून जरासा करपलाय, हां," ती म्हणाली.

टोर्किलचा हात हवेतच थांबला. "ही... ही नुसती ताकीद समजायची, की चूक?"

सोल्वायने पॅलेकडे पाहिले. पॅलेने तोंडातला घास सावकाश गिळला, रुमालाने ओठ टिपले, आणि म्हणाला, "नियम तुझाच आहे, बिशपसाहेब."

पुढच्या शुक्रवारच्या केकमध्ये लोणी बेताचे होते, आणि तो कोठेही करपलेला नव्हता. फक्त साखर नीट विरघळलेली नव्हती.